अँटेनाची पांढरी चकती

अँटेना जुळवताना मी सगळ्यांना लांब उभं करते. गाडीचा मालक, मालकाचे मित्र, मोबाइलवर व्हिडिओ काढणारे, सगळ्यांना. गाडीजवळ माणूस उभा राहिला की मीटरचा काटा सरकतो. हात लावावा लागत नाही, नुसतं जवळ असणंही त्याला कळतं. लोकांना वाटतं ही मॅडम फार कडक आहे. मी कडक नाही, लाजरी आहे. भरल्या घोळक्याला ‘जरा मागे व्हा’ असं हक्कानं सांगता येईल असं काम जगात फार नसेल. त्यातलं एक मला मिळालं.

ग्वाल्हेरच्या नया बाजारात माझ्या मामाचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, म्युझिक सिस्टिम. इलेक्ट्रॉनिक्स शिकून झाल्यावर ‘नोकरी लागेपर्यंत बस’ म्हणून त्यानं मला मागच्या खोलीत बसवलं, आणि मी तिथेच राहिले. पुढे गिऱ्हाईक, बोलणं, भावताव मामाकडे. मागे तारा, सोल्डरिंग, मीटर माझ्याकडे. शाळा इंग्रजी, बाजार हिंदी, घर मराठी, असं वाढल्यामुळे मी तिन्ही भाषांत कमीच बोलते. त्यामुळे इथल्या मराठी समाजाच्या दिवाळी अंकासाठी ‘तुझ्या कामाबद्दल लिही’ असं सांगितलं गेलं तेव्हा मामा म्हणाला, “लिही. लिहिताना कुणी समोर नसतं.”

काम असं. ग्वाल्हेरपासून थोडं बाहेर पडलं की चंबळचं बीहड सुरू होतं. मातीच्या घळी, एकीत एक, एकीतून दुसरी. जीप घेऊन तिथे उतरण्याची हौस असलेली बरीच माणसं आपल्या शहरात आहेत. खाली मोबाइल चालत नाही. म्हणून गाडीत सीबी रेडिओ बसवतात. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. मधे टॉवर नाही, कंपनी नाही. एका गाडीच्या अँटेनातून लाट निघते आणि दुसऱ्या गाडीच्या अँटेनाला जाऊन भेटते, बस इतकंच.

हे ‘बस इतकंच’ मला अजून पचलेलं नाही.

रेडिओच्या संचातून निघालेली ताकद केबलमधून अँटेनापर्यंत जाते. अँटेनाची लांबी त्या लाटेला मानवली तर ती हवेत जाते. नाही मानवली तर उलट फिरून संचात परत येते, आणि फार आली तर संच जाळते. किती परत येतंय ते मीटर सांगतो. काटा एकवर असेल तर काहीच परत आलं नाही. दीडपर्यंत मी खूश असते. तीनच्या वर गेला की बटणावरून बोट काढायचं. पहिल्या चॅनेलवर काटा जास्त असला तर अँटेना आखूड, शेवटच्या चॅनेलवर जास्त असला तर लांब. मग टोकाचा स्क्रू सैल करून तांदळाच्या दाण्याएवढं वर किंवा खाली. माझ्या उंचीपेक्षा थोडी मोठी स्टीलची काडी, आणि तिला तांदळाएवढा फरक कळतो.

आणखी एक गोष्ट मला कॉलेजात कुणी अशी सांगितली नव्हती. काडी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचं सगळं लोखंड. म्हणून ब्रॅकेटखालचा रंग खरवडून उघड्या लोखंडाला भिडवावं लागतं. पण काडी स्वतः त्या लोखंडाला शिवता कामा नये. दोघांनी अगदी जवळ राहायचं आणि शिवायचं नाही. त्यांच्यामध्ये एक पांढरी प्लास्टिकची चकती असते, जुन्या अठ्ठन्नीएवढी. सगळा डोलारा तिच्यावर.

हे काम दुकानात होत नाही. भिंती, शटर, विजेच्या तारा, सगळं काट्याला कळतं. म्हणून शहराचा वार्षिक मेळा भरलेला नसतो तेव्हा आम्ही मेळ्याच्या मोकळ्या मैदानावर जातो. एकदा तिथे दुपारी एक संच तपासत होते. दुसरी गाडी कुठेच नव्हती. अचानक एक माणूस बोलायला लागला. भाषा कुठली ते कळेना. स्वच्छ, शांत, जसा काही शेजारच्या खुर्चीवर बसून आकडे वाचतोय. सूर्य फार खवळलेला असतो त्या काळात आकाशाचा वरचा एक थर या लाटांना परत जमिनीकडे धाडतो, हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. पण तो आवाज कुठल्या तरी समुद्रापलीकडून उसळी मारून आमच्या मैदानावर आला होता, आणि मी हातातलं काम खाली ठेवून ऐकत राहिले.

मामा म्हणाला, “कोण आहे? विचार तर, म्युझिक सिस्टिम लावायची का म्हणावं.”

मी बटण दाबलं नाही. मी कधीच दाबत नाही. ‘हॅलो टेस्टिंग’ मामाच म्हणतो. मी काटा बघते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. शहरातल्याच हजीरा भागातून एकजण आला होता. त्याला दुकानातली सगळ्यात लांब अँटेना हवी होती. रेडिओ कुठला बसवू विचारलं तर म्हणाला, “रेडिओ रहने दो. डंडी हिलती हुई दिखनी चाहिए.” मी ती बसवून दिली. जुळवून द्यायला काही नव्हतंच. तो फार खूश होऊन गेला. पण आज सांगायची आहे ती सुर्व्यांच्या जीपची गोष्ट.

सुर्वे म्हणजे जुनं घराणं. पूर्वज दक्षिणेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर आले, ते इथेच राहिले. घरात दोन भाऊ. धाकटे बापूसाहेब, आवाज असा की दुकानात बोलले तर रस्त्यावरची माणसं थबकतात. थोरले दादासाहेब, त्यांना मी पहिल्या दिवशी मुकेच समजले. आणि बापूसाहेबांची मुलगी मृणाल. ती माझ्याच वयाची, जीपच्या स्टिअरिंगवर हात ठेवून अशी उभी होती, जसं कुणी घोड्याच्या मानेवर ठेवावा.

जीप जुनी, कापडी छपराची. मी ड्रिल काढल्याबरोबर बापूसाहेब कडाडले, “भोक? जीपला भोक पाडणार तू?”

“लहानसं असतं, काका.”

“बेटा, ही जीप म्हणजे आमच्या घरातली तलवार आहे. तलवारीला भोक नाही पाडत.”

मामा मध्ये पडला. “बापूसाहेब, पोरीला काम येतं. काढेल काही तरी रस्ता.”

रस्ता निघाला. मागच्या स्टेपनीच्या चौकटीला मी शिकंज्यासारखी आवळणारी ब्रॅकेट बसवली. रंग खरवडायचा तो आतल्या बाजूनं, कुणाला दिसणार नाही असा. दादासाहेब सगळा वेळ स्टुलावर बसून माझे हात बघत होते. अधूनमधून खिशातून प्लास्टिकची छोटी डबी काढून ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरत. काम संपल्यावर त्यांनी काही तरी म्हटलं. मला फक्त हवा ऐकू आली. मृणाल म्हणाली, “काकासाहेब म्हणतायत, हात हलका आहे तुझा.”

मैदानावर अँटेना जुळवून झाली तेव्हा तिनं मला बाकीचं सांगितलं. ती जन्मायच्या आधी हीच जीप घेऊन दादासाहेब बीहडात एकटे उतरले होते. जीप उलटली, पाय अडकला. लोक शोधायला आले ते अगदी वरच्या कडेवरून फिरत होते. दादासाहेबांना त्यांची बोलणी ऐकू येत होती. ते ओरडत होते, आणि घळीतली माती त्यांचा आवाज पिऊन टाकत होती. दुसऱ्या दिवशी ते सापडले. पाय बरा झाला. आवाज मात्र तिथेच राहिला. तेव्हापासून ते कुजबुजल्यासारखं बोलतात, आणि खोलीत पंखा चालू असेल तर बोलतच नाहीत.

“शोधणाऱ्यांत बाबा पण होते,” मृणाल म्हणाली. “त्यानंतर जीप बीहडात गेलीच नाही. आता बाबांच्या डोळ्यांनी चालवणं होत नाही, आणि मला एकदा तिला तिथे न्यायचंय.”

बापूसाहेबांनी परवानगी दिली होती, पण अटीवर. ते स्वतः वर कडेवर बसणार, मामाच्या व्हॅनमधल्या दुसऱ्या संचापाशी. “जोवर हिचा आवाज येतोय तोवर ठीक. आवाज तुटला की गाडी परत, तिथल्या तिथे. आणि मग मी जीप विकून टाकणार. घरात बिनकामाची तलवार मला नाही बघवत.”

मृणाल हसली होती. पण मैदानावरून परत जाताना तिनं मला विचारलं, “आवाज नाही तुटणार ना?”

काटा दोन्ही टोकांच्या चॅनेलवर सव्वावर स्थिर होता. मी म्हटलं, “नाही तुटणार.”

दसरा झाल्यावरच्या एका रविवारी सकाळी आम्ही सगळे, दादासाहेबसुद्धा, बीहडाच्या कडेला पोचलो. समोर नजर पोचेल तिथवर मातीचे सुळके, आणि मधल्या खोलीत अजून सावली. मी इतक्या जवळून ते कधी पाहिलं नव्हतं. एवढी मोठी जागा आणि एवढी गप्प. माझ्यासारख्या माणसालाही तिथे आपण फार बोलतो असं वाटावं.

गाडी निघण्याआधी मीटर लावायचा हा माझा नेम. मृणालनं बटण दाबलं आणि काटा सरळ शेवटच्या टोकाला जाऊन आपटला.

“सोड!” मी ओरडले. मामानं वळून बघितलं, कारण मी ओरडलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

व्हॅनमधून बापूसाहेब खाली उतरले. “आवाज नाही येऊन राहिला.”

“येईल, काका. थोडं थांबा.”

“वर, उघड्यावर, पन्नास पावलांवर येत नाही, तर खाली काय येणार?” ते मृणालकडे वळले. “चल. किल्ली दे.”

मृणालनं किल्ली मुठीत धरली आणि माझ्याकडे बघितलं.

मी दुसरा मीटर काढला, तार कुठे कुठे जोडली गेली आहे ते सांगणारा. त्याचं एक टोक काडीला लावलं, दुसरं गाडीच्या लोखंडाला. तिथे शांतता हवी. मीटर ‘पीं’ करून ओरडला. काडी आणि गाडी शिवल्या होत्या.

पाना घेऊन मी काडीचं बूड खोललं. आत सगळं लखलखत होतं. आटे घासूनपुसून तेल लावलेले, ब्रॅकेटवर शेंदराचं बोट, कुंकवाचं बोट. असं स्वच्छ काम मीही करत नाही. फक्त पांढरी चकती नव्हती.

“काका, ही कुणी खोलली होती?”

“मी,” बापूसाहेब अभिमानानं म्हणाले. “दसऱ्याला शस्त्रपूजा असते ना आपल्याकडे. तलवारी, कट्यार, आणि या वर्षी ही. सगळं खोलून, पुसून, पूजा करून, तेल देऊन परत बसवलं. तुझ्याहून चांगलं बसवलं असेल, बघ.”

“यात एक चकती होती. पांढरी.”

“ती प्लास्टिकची? ती काढून टाकली.”

“काढून टाकली?”

“अगं, पूजेत प्लास्टिक नाही ठेवत आपण.”

मामानं कपाळाला हात लावला. “गेली कुठे ती?”

“निर्माल्यात.”

“म्हणजे सागरतालच्या पाण्यात पोचली,” मामा म्हणाला. “बापूसाहेब, तुम्ही विसर्जन केलंत हो रेडिओचं!”

मृणालला हसू आलं आणि ते दाबायला तिनं मान फिरवली. मग मोबाइल काढून तिनं मला पूजेचा फोटो दाखवला. पाटावर लाल कापड. त्यावर दोन तलवारी, कट्यार, आणि मधोमध, आडवी, माझी अँटेना. कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, टोकापाशी आपट्याची दोन पानं. मी बसवलेली, मी तांदळाएवढी कमीजास्त केलेली स्टीलची काडी. तिच्यासमोर त्या घरातली सगळी माणसं हात जोडून उभी होती. माझ्या कामाला असा मान कुणी दिला नव्हता, आणि तो देतानाच त्यांनी ते बंद पाडलं होतं.

“दुसरी चकती असेल ना?” मृणालनं विचारलं.

त्या मापाची नव्हती. सामानाची पेटी मी दोनदा उपसली. बापूसाहेब किल्लीसाठी हात पुढे करून उभे. मी म्हटलं, “प्लास्टिक हवंय. कडक, पातळ, सपाट.” बाटलीचं बूच फार लहान निघालं. जेवणाचे डबे सगळे स्टीलचे.

तेवढ्यात माझ्यासमोर एक हात आला. दादासाहेबांनी ज्येष्ठमधाच्या डबीचं झाकण काढून धरलं होतं.

मी त्याला मधे भोक पाडलं, कडा कापली, घासून सारखी केली. भोकाच्या आत काडी लोखंडाला टेकू नये म्हणून तिच्या आट्यांना चिकटपट्टीचे वेढे दिले. सगळं आवळलं. मीटर लावला. तो गप्प राहिला. इतकं सुंदर गप्प राहणं मी फार कमी वेळा ऐकलंय.

“आता सगळे मागे व्हा,” मी म्हटलं. बापूसाहेबसुद्धा मागे झाले. दादासाहेब सगळ्यांत लांब जाऊन उभे राहिले. मी टोकाचा स्क्रू सैल केला, काडी किंचित खाली घेतली, पुन्हा बघितलं, पुन्हा किंचित. काटा दीडच्या आत आला आणि थांबला.

मृणाल म्हणाली, “तू चल माझ्याबरोबर.” नाही म्हणायला वेळ मिळाला नाही.

खाली उतरलो तशी हवा बदलली. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, वर आकाशाची पट्टी. भिंतींवर पाण्यानं कोरलेल्या रेघा, जसं कुणी बोटं फिरवून ठेवलीयत. मोबाइल कधीच मेला होता. वळणं एकासारखी दुसरी. थोड्या वेळानं मला आम्ही कुठून आलो तेही सांगता आलं नसतं. मृणाल सावकाश चालवत होती आणि माइकमध्ये सांगत होती, “वळलो. ठीक आहे. पुढे वाळू आहे. ठीक आहे.”

वरून बापूसाहेब उत्तर देत होते, पण देत होते ते ओरडून. माइकवर ओरडलं की आवाज फाटतो. माइक तोंडाजवळ धरून हळू बोलायचं असतं. हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. पण घळीतल्या आपल्या माणसाशी हळू बोलणं त्यांना कसं जमणार? गोंगाट यायचा, त्यात त्यांची काळजी तेवढी कळायची, शब्द नाही.

मग आम्ही थांबलो. समोर वाट दुभंगली होती. डावी अरुंद, खाली जाणारी, काट्यांनी भरलेली. उजवी रुंद, उजेडाकडे चढणारी. मृणालनं बटण दाबलं. “बाबा, दोन वाटा आहेत. मी उजवी घेतेय. वर चढतेय ती.”

वरून नुसता फाटका कल्लोळ आला. पुन्हा आला. मृणालनं माझ्याकडे बघितलं. “काही कळतंय?”

“नाही.”

“म्हणजे आवाज तुटला.” तिनं इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरून मांडीवर आले. “परत फिरावं लागेल. शब्द दिलाय मी.”

घळ एकदम शांत झाली. आणि मग संचात ‘टक’ झालं, आणि कुणीतरी आमच्या दोघींच्या मधे बसून बोलावं तसा एक आवाज आला. खरखर नाही, फाटणं नाही. हळू, घोगरा, अगदी जवळचा.

“बाळ, थांब. उजवी घेऊ नको. ती चढते, पण वर पोचल्यावर पुढे जमीन नाही. मी घेतली होती.”

मलाही दादासाहेबांचा एक एक शब्द कळला होता, मधे कुणी सांगायला नसताना. पंख्याच्या आवाजाला हरणारा तो आवाज माझ्या काडीनं झेलला होता. वरच्या व्हॅनपासून इथपर्यंत एवढी माती होती. हीच माती एका माणसाची हाक दिवसभर पीत राहिली होती, आणि आज ती त्याची कुजबुज अडवू शकली नाही.

“डावी घे,” आवाज म्हणाला. “काट्यांना घाबरू नको. पुढे मोकळं आहे.”

बोलून झालं, पण बटण त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांचा श्वास येत राहिला. वरचा वारा ऐकू आला. आणि मागून, लांबून, पहिल्यांदाच हळू झालेला बापूसाहेबांचा आवाज: “दादा, बटण सोड. तिला उत्तर द्यायचंय.”

टक.

आता पाळी आमची होती. मृणालनं माइककडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. वर एक माणूस, ज्यानं किती तरी वर्षांपूर्वी याच घळीतून हाका मारल्या होत्या, उत्तराची वाट बघत होता.

मी माइक हातात घेतला. तोंडाजवळ धरला. बटण दाबलं.

“दादासाहेब,” मी म्हटलं, “ऐकू आलं. सगळं ऐकू आलं.”

आणि बटण सोडून आम्ही डावीकडे वळलो.